नक्षीचं काम काय?



सध्या गावोगाव घरं उभी राहतायत. कुणाचं घरकुल मंजूर झालंय, कुणी गटातून कर्ज काढून मागं एक खोली वाढवतंय, कुणाच्या मुलानं शहरातून पैसे पाठवलेत म्हणून जुनं घर पाडून नवं बांधणं चाललंय. पैसा थोडा हातात खेळला, की घर सजवावंसं वाटतं. त्यात वाईट काही नाही. मग गेटावर सिमेंटचे सिंह बसतात, खांबांना पीओपीची पानं-फुलं लागतात, कठड्याला विकतचे गोल खांब येतात. आणि त्याच घराच्या खिडकीवरचा छज्जा मात्र इतका आखूड असतो, की पहिल्याच वळवात पाणी खिडकीतून आत येऊन गादी भिजते.

म्हणून आजच्या गप्पांसाठी आम्ही एक साधा प्रश्न निवडलाय. घरावरची नक्षी असते कशासाठी? नुसती बघायला, की तिला काही कामही असतं?

याचं उत्तर शोधायला आपण जरा लांब जाणार आहोत, राजस्थानातल्या बिकानेरला. तिथं लालगड नावाचा एक महाल आहे. सगळा लाल दगडाचा, आणि वीतभर जागाही कोरीवकामाशिवाय सोडलेली नाही असं वाटावं इतका नक्षीदार. महाल राजाचा आहे, आपलं घर साधं आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ऊन, वारा आणि पाऊस राजाला आणि रयतेला सारखेच लागतात. त्यांच्याशी त्या महालातल्या दगडांनी कसा सामना केलाय, ते समजून घेतलं तर आपल्या दोन खोल्यांनाही उपयोग होईल.

जुन्या घडणीचं नवं घर

बिकानेरचे महाराजा गंगासिंह १८८७ साली गादीवर आले, तेव्हा ते जेमतेम सात वर्षांचे होते. ते सज्ञान होईपर्यंत कारभारावर इंग्रजांची देखरेख होती. राजघराण्याचं जुनं राहतं ठिकाण म्हणजे जुनागड किल्ला. तो सोळाव्या शतकाच्या शेवटी राजा रायसिंहाच्या काळात बांधलेला. इंग्रज अधिकाऱ्यांना वाटत होतं, की नव्या काळाच्या राजाला हा किल्ला सोयीचा नाही. म्हणून नवा महाल बांधायचं ठरलं. त्याचा पहिला भाग १९०२ साली पुरा झाला आणि उरलेलं काम टप्प्याटप्प्यानं १९२६ पर्यंत चालू राहिलं. गंगासिंहांनी त्याला आपले वडील लालसिंह यांचं नाव दिलं. म्हणून तो लालगड.

महालाचा आराखडा केला सर स्विंटन जेकब या इंग्रज इंजिनिअरनं. त्या काळात हिंदुस्थानात एक नवी रीत चालू झाली होती. इमारत आतून नव्या सोयींची बांधायची, पण बाहेरून तिला जुन्या राजपूत आणि मोगल इमारतींचं रूप द्यायचं. छत्र्या, झरोके, कमानी, जाळ्या, सगळं जुन्या पद्धतीचं. या रीतीला इंडो-सारासेनिक असं नाव पडलं. जुन्या घडणीला पुन्हा जिवंत करणारी शैली, म्हणून तिला पुनरुज्जीवन शैलीही म्हणतात.

यात राजकारण होतंच. इंग्रजांना दाखवायचं होतं, की मोगलांनंतर या देशाचे वारसदार आपणच. राजेलोकांना दाखवायचं होतं, की आपण जुन्या परंपरेचे आहोत आणि नव्या काळाचेही आहोत. बाहेर राजपूत झरोका आणि आत विलायती शेकोटी, असा मेळ लालगडात आहे. आपल्याकडंही ही रीत आली. कोल्हापूरचा नवा राजवाडा थोडा आधीचा, १८८४ साली पुरा झालेला. त्याचा आराखडा मेजर मँट या इंग्रजानं केला आणि तो आपल्या काळ्या दगडात उभा राहिला. मुंबईचं पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तेही याच रीतीचं. त्याच्या घुमटाखाली लाकडी खांब-कमानींचा एक देखणा मांडव आहे. तो नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून विकत आणून तिथं बसवला आहे.

कागदावर आलेली कारागिरी

जेकबचं एक काम आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. तो जयपूर संस्थानच्या बांधकाम खात्यात अनेक वर्षं होता. तिथले जुने गवंडी, पाथरवट आणि सुतार काय करतात ते तो रोज बघत होता. त्याच्या लक्षात आलं, की सरकारी इमारतींचे एकसारखे नकाशे विलायतेच्या धर्तीवर निघताहेत आणि इथल्या कारागिराच्या हातातलं ज्ञान बाजूला पडतंय. म्हणून त्यानं जयपूरच्या महाराजांच्या आश्रयानं जुन्या इमारतींची मापं घेऊन चित्रं काढवून घेतली. १८९० पासून ती ‘जेपूर पोर्टफोलिओ’ या नावानं निघाली. एकूण बारा भाग झाले.

त्यातली दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे चित्रांची पानं सुटी होती. बांधकामावर नेऊन कारागिरापुढं ठेवता यावीत म्हणून. दुसरी म्हणजे त्यांची मांडणी. अमुक राजाची इमारत, तमुक शतकातली इमारत, अशी ती लावलेली नव्हती. जोत्याची एका ठिकाणी, खांबांची एका ठिकाणी, मग कमानी, कठडे, झरोके, छत्र्या, अशी घराच्या अंगाअंगाप्रमाणं लावलेली होती. म्हणजे गवंड्याला जे अंग घडवायचं, त्याची पानं त्यानं उघडायची.

चित्रं काढणारे हात जयपूरच्या नक्षाकारांचे होते आणि मूळ नक्षी पिढ्यानपिढ्यांच्या पाथरवटांची. पुस्तकावर नाव जेकबचं आलं. आपल्या गटात एखादी बाई गोधडीचा नमुना शिकवते आणि दुकानात त्यावर दुसऱ्याचं नाव लागतं, तेव्हा आपल्याला जे वाटतं, तेच इथंही वाटून जातं. पण कागदावर आलं म्हणून ते ज्ञान टिकलं, हेही तितकंच खरं.

दगडाचा स्वभाव

आता दगडाकडं येऊ. लालगडाचा लाल दगड बिकानेर भागातल्याच दुलमेरा इथल्या खाणीतला. हा वालुकाश्म. नावातच वाळू आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाळूचे थर एकावर एक बसले, दाबले गेले आणि त्यांचा दगड झाला. थराथराचा असल्यामुळं तो फरशीसारखा सपाट निघतो. छिन्नी लावली की मऊपणानं झडतो. म्हणून त्यात वेल-बुट्टी, बारीक जाळी, पाकळी न् पाकळी काढता येते.

आपला काळा दगड वेगळा. तो ज्वालामुखीच्या रसाचा, थिजून झालेला. त्याला बेसॉल्ट म्हणतात. त्याला असे वाळूचे थर नसतात, तो घट्ट आणि चिवट असतो. त्याचा स्वभाव तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण जातं, पाटा-वरवंटा, उखळ हे सगळं त्याचंच. जात्याला टाकी लावायला पाथरवट दारात बसायचा, तेव्हा टाकीच्या एकेका घावानं जेमतेम कण उडायचा. इतका कठीण, म्हणूनच वर्षानुवर्षं दळलं तरी जातं झिजून जात नाही.

काळ्या दगडात कोरीवकाम होत नाही असं नाही. वेरूळचं कैलास लेणं आणि गावोगावची जुनी दगडी देवळं आपल्यासमोर आहेत. पण वेळ आणि कष्ट फार लागतात. म्हणून आपल्या वाड्यांमध्ये लोकांनी शहाणपणानं कामाची वाटणी केली. जोतं, पायऱ्या आणि उंबरा घडीव दगडाचा, आणि नक्षी काढायची ती लाकडावर: चौकटीवर, गणेशपट्टीवर, खांबाच्या माथ्यावरच्या हस्तांवर. ज्याचा जो स्वभाव, त्याला ते काम.

मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया बघितलंत तर हीच गोष्ट दिसेल. १९२४ साली पुरी झालेली ही कमान इथल्या पिवळसर बेसॉल्टची आहे. पण तिच्यातल्या दगडी जाळ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या आहेत. ग्वाल्हेरच्या आसपास जाळीला साजेसा वालुकाश्म आहे आणि तो कोरणारे हातही आहेत.

प्रत्येक अंगाला आपलं काम

आता मूळ प्रश्न. लालगडासारख्या महालावरची ही नक्षी काय काम करते? एकेक अंग घेऊ.

पहिला छज्जा. खिडक्या-दारांवर आणि मजल्यांच्या कडेनं दगडाची उतरती पाटी बाहेर काढलेली असते. बिकानेर वाळवंटात आहे. तिथं पाऊस थोडा, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तिथं छज्ज्याचं मुख्य काम सावलीचं. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळं थोडा पुढं काढलेला छज्जाही सबंध खिडकीवर सावली धरतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, तेव्हा तेच ऊन छज्ज्याखालून घरात शिरतं आणि ऊब देतं. ना पडदा ओढायचा, ना वीज लागते. आपल्याकडं छज्ज्याला दुसरंही काम आहे, पावसाचं. उतारामुळं पाणी भिंतीपासून लांब पागोळ्यांनी पडतं.

दुसऱ्या, छज्ज्याखालच्या टोड्या. हे भिंतीतून बाहेर आलेले कोरीव दगड. त्यांच्यावर मोराची मान, कमळाची कळी, वेल असं काय काय कोरलेलं दिसतं. पण त्यांचं काम टेकूचं. दगडाची जड पाटी हवेत बाहेर काढायची, तर तिचा भार कुणीतरी भिंतीत नेऊन सोडायला हवा. टोडीचं शेपूट भिंतीत खोल गेलेलं असतं आणि वरच्या भिंतीच्या वजनानं ते दाबून धरलेलं असतं. तोंड बाहेर, भार आत. वरच्या बाजूला रुंद आणि खाली निमुळतं होत जाणारं तिचं रूपही भाराच्या वाटेवरूनच आलंय. जिथं भार नाही तिथला दगड काढून टाकला आणि उरलेल्याला कळीचा आकार दिला.

तिसरा पट्टा. दोन मजल्यांच्या मधोमध भिंतीवरून आडवी कोरीव पट्टी जाते. ती जरा पुढं आलेली असते. भिंतीवरून ओघळणारं पाणी या पट्टीवर येऊन बाहेर पडतं, खालच्या भिंतीवर सरसरत जात नाही. खाली जोत्याला दिलेले गोलवे आणि उतारही पाणी पायात न मुरू देण्यासाठी उपयोगी पडतात.

चौथी जाळी. ती समजून घ्यायला जरा थांबूया. छज्जा दुपारचं वरचं ऊन अडवतो. पण सकाळ-संध्याकाळचं ऊन आडवं येतं, छज्ज्याखालून सरळ आत घुसतं. तिथं जाळी लागते. जाड दगडात पाडलेली लहान लहान भोकं तिरपं ऊन तुकड्या-तुकड्यांनी अडवतात. डोळ्यांवर येणारी तिरीप कमी होते, पण वारा चालू राहतो आणि बसायला-वाचायला पुरेल इतका उजेड आत येतो. दगड अखंड असल्यामुळं खिडकी बंद न करताही चोर, माकड, कुत्रं आत येत नाही.

जाळीचं आणखी एक काम होतं आणि ते बायकांबद्दलचं आहे. उजेडातून अंधाऱ्या खोलीत नीट दिसत नाही, पण अंधारातून उजेडातलं सगळं दिसतं. राजपूत राजघराण्यांत तेव्हा पडदा कडक होता. जाळीमागच्या बाईला बाहेरचं बघायला मिळायचं, बाहेरच्याला ती दिसायची नाही. म्हणजे ज्या दगडानं तिला वारा दिला, त्यानंच तिला आत ठेवलं. सुंदर जाळीचं कौतुक करताना हे विसरायचं नाही. आज आपण जाळी घ्यायची ती वाऱ्यासाठी आणि सावलीसाठी. न्हाणीघरात, स्वयंपाकघराच्या माथ्यावर, जिन्यात. आणि कुणी दिसावं की नाही, ते आपलं आपण ठरवायचं.

पाचवी छत्री, म्हणजे गच्चीच्या कोपऱ्यांवरचे छोटे घुमटदार मांडव. त्यांच्या खाली सावली मिळते, गच्चीवर संध्याकाळी बसता येतं. पण खरं सांगायचं तर त्यांचं मोठं काम मिरवायचं. लांबून बघणाऱ्याला कळावं, की इथं राजा राहतो. कमानीच्या कडेला काढलेल्या पाकळ्यांचंही तसंच. भार पेलायला त्यांची गरज नसते. तेव्हा सगळ्याच नक्षीला काम असतं असं आम्ही म्हणणार नाही. माणसाला सुंदर दिसणंही हवं असतं, आपण उंबऱ्यापुढं रांगोळी काढतोच की. पण लालगडात आधी अंग कामाचं आहे आणि मग त्यावर नक्षी आहे. आपल्या नव्या घरांत ती ओळ उलटी झालीय. नक्षी आधी विकत येते आणि अंगाचा पत्ताच नसतो.

कोरणाऱ्याचा श्वास

ही नक्षी कशी होते? आधी कागदावर नमुना काढायचा. मग तो दगडावर उतरवायचा. पाटी आडवी ठेवून बारीक छिन्नीनं एकेक भोक पाडत जायचं. जाळीचा सगळा धीर शेवटच्या दिवसात लागतो, कारण जितकी भोकं जास्त, तितकी पाटी नाजूक. एक घाव चुकला की कित्येक दिवसांचं काम वाया.

आणि या सगळ्या वेळात तो माणूस धूळ श्वासात घेत असतो. वालुकाश्म बहुतांशी वाळूचाच, म्हणजे सिलिकाचा. त्याची डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथं कायमचे व्रण करते. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. दम लागतो, खोकला राहतो, वजन उतरतं. लक्षणं टीबीसारखी असल्यामुळं पुष्कळदा नुसता टीबी समजून औषधं चालू राहतात, आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो. राजस्थानात खाणीत आणि कोरीवकामात राबणाऱ्या किती तरी घरांत कर्ता माणूस या आजारानं गेला आणि बाई मागं राहिली. तिथल्या सरकारनं २०१९ साली अशा आजारी कामगारांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी मदतीचं धोरण आणलं. हातातल्या छिन्नीची जागा आता बऱ्याच ठिकाणी विजेवरच्या कटरनं घेतलीय. काम झपाट्यानं होतं, पण धूळ कित्येक पटीनं जास्त उडते.

हे लांबचं आहे असं समजू नका. आपल्या स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा बसवतात, तेव्हा मिस्त्री कटरनं दगड कापतो आणि सगळ्या घरात पांढरा धुरळा होतो. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते. म्हणून तीन गोष्टी आग्रहानं सांगा. दगड घराबाहेर, मोकळ्यावर कापायचा. कापताना त्यावर सतत पाणी सोडायचं, म्हणजे धूळ उडण्याऐवजी चिखल होऊन खाली बसते. कापणाऱ्यानं चांगला, तोंडाला घट्ट बसणारा मास्क लावायचा. नुसता रुमाल बारीक धूळ अडवत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं तेवढा वेळ शेजारी पाठवा. झाडताना कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. मिस्त्री म्हणेल, “ताई, आम्हाला सवय आहे.” फुप्फुसाला सवय होत नसते.

आणि आपल्या गटात कुणाच्या घरचा माणूस खाणीवर, खडी क्रशरवर किंवा दगड कापायच्या कामावर असेल आणि त्याचा खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना त्याचं काम काय आहे ते आवर्जून सांगा. बरेचदा डॉक्टर विचारत नाहीत आणि आपणही सांगत नाही.

आपल्या घरात काय आणायचं

आता हिशेबाचं बोलू. लालगडाकडून आपण काय शिकायचं?

नवं घर बांधताना सजावटीचा पैसा आधी छज्ज्यात घाला. छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना जरा पुढं गेलेला असावा, म्हणजे तिरपा पाऊस आत येत नाही. त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यायला सांगा. आणि स्लॅबच्या छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडं आत, बोटाएवढी लांबलचक खाच ठेवायला सांगा. पाणी कडेवरून वळून छज्ज्याच्या पोटाला चिकटत चिकटत भिंतीकडं सरकतं. खाच लागली की ते तिथंच तुटून थेंबाथेंबानं खाली पडतं. या खाचेला जवळपास काहीच खर्च येत नाही. ओलं असतानाच एक पट्टी दाबून ती करता येते. पण सांगणारी बाई तिथं उभी असेल तर होते, नाही तर राहून जाते.

पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळचं ऊन तापवतं. तिथं सिमेंटच्या किंवा भाजलेल्या मातीच्या जाळीच्या विटा लावता येतात. स्वयंपाकघरात चूल असेल तर वरच्या बाजूला जाळी हवीच, म्हणजे धूर कोंडत नाही. एवढं झाल्यावर हातात पैसे उरले, तर खुशाल वेलबुट्टी काढा.

दुसरी गोष्ट जुन्या दगडाची. बऱ्याच गावांत जुना वाडा, बारव किंवा दगडी देऊळ असतं. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, वर्गणी गोळा होते, त्यात गटाचेही पैसे असतात. मग दोन गोष्टी हमखास होतात. दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरतात आणि वरून ऑइलपेंट मारतात. दोन्ही चांगल्या हेतूनं, आणि दोन्हींनी नुकसान होतं.

जुन्या भिंतीत चुना असायचा. घाणीत मळलेला चुना. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. जमिनीतून आणि पावसातून आलेली ओल चुन्याच्या सांध्यांतून वाफ होऊन निघून जाते. सांधा सिमेंटनं बंद केला, की ओलीला ती वाट उरत नाही. वालुकाश्मासारखा मऊ दगड असेल तर ओल दगडातूनच बाहेर येते, येताना तिच्यातले क्षार दगडाच्या कातडीखाली साठतात, फुगतात आणि नक्षीचे पोपडे सुटतात. आपला काळा दगड कणखर, त्याचे असे पोपडे सहज निघत नाहीत. पण भिंतीच्या पोटातला चुना आणि माती ओली राहते, ढिली होते, आणि काही वर्षांनी भिंत पोट काढते.

ऑइलपेंटचंही तेच. थरावर थर बसले की कोरीव डोळे-नाक, वेलीच्या कडा बुजून जातात. पुढं कुणाला रंग काढावासा वाटला आणि त्यानं घासायचं यंत्र चालवलं, तर रंगाबरोबर नक्षीही जाते. तेव्हा देवळाच्या बैठकीत बायकांनी एवढं विचारायला हरकत नाही: सांधे चुन्यात भरणारा कारागीर मिळतो का? दगड रंगवायचाच का? साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं हलक्या हातानं धुतला तर चालणार नाही का? इमारत पुरातत्त्व खात्याच्या यादीत असेल तर परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावं. वर्गणी देणाऱ्याला विचारायचा हक्क असतो.

या आठवड्याच्या बैठकीत एक करून बघा. चौघी-पाचजणींनी मिळून गावातल्या सगळ्यात जुन्या घराभोवती एक फेरी मारा. दारावर, खिडकीवर, खांबावर, जोत्यावर जे जे कोरलेलं किंवा पुढं काढलेलं दिसेल, त्याच्यापुढं उभं राहून विचारा: तुझं काम काय? काही जागा पाणी अडवत असतील, काही भार घेत असतील, काही दिवा ठेवायला असतील. काही नुसत्याच शोभेच्या निघतील, त्याही लिहून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या आजीला सोबत घ्या, कारण पुष्कळ अंगांची नावं आता तिलाच ठाऊक असतील. ती नावं वहीत उतरवा आणि आम्हाला कळवा. जयपूरला सव्वाशे वर्षांपूर्वी सुट्या पानांवर जे झालं, ते आपल्या गावापुरतं आपल्या वहीतही होऊ शकतं. आणि त्या वहीवर नाव मात्र आजीचंच घाला.

पुढच्या वेळी आपण चुन्याबद्दल बोलू: तो भिजवायचा कसा, मळायचा कसा, आणि आज त्याचं काम करणारे कारागीर शोधायचे कसे. तोवर नमस्कार.